कणगीतली सफरचंदं

दोन वर्षांपूर्वी, अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात, तुडीलच्या आमच्या घरी सफरचंदांची पहिली पिशवी आली. ती शेजारच्या सदूकाकांनी आणली. सकाळ होती, पाऊस थांबला होता आणि माझे वडील, अण्णा, पडवीत बसले होते. सदूकाकांनी पिशवी त्यांच्या हातात दिली नाही. ती आत नेऊन आईकडे दिली, बाहेर येऊन खांबाला टेकून बसले, भाताच्या लोंब्यांबद्दल थोडं बोलले आणि गेले.

"काय आणलंन सदूनं?" अण्णांनी विचारलं.

"काकड्या," आई आतून म्हणाली.

यंदा महाडच्या बाजारपेठेत सफरचंदांच्या हातगाड्या पुन्हा लागल्या आहेत. गणपतीच्या पाच फळांसाठी त्या येतात आणि दिवाळीपर्यंत हलत नाहीत. निळा कागद, त्यावर रचलेले ढीग, वर पावसासाठी ताडपत्री. एस.टी. स्टँडवर उतरलं की ओल्या डांबराच्या आणि डिझेलच्या वासातून तो दुसरा वास येतो. बाजारात इतरांना तो गोड लागत असेल. आमच्या घरात त्या वासाने अजून क्षणभर बोलणं थांबतं.

आमच्या खोऱ्यात सफरचंद झाडावर पाहिलेला माणूस सापडणं कठीण. आंबा, फणस, पपनस, चिकू यांची झाडं माहीत असतात. कुणाच्या परसातलं कोणतं झाड कधी धरतं, तेही माहीत असतं. सफरचंद पिशवीतूनच येतं. ते विकत घ्यावं लागतं आणि म्हणून त्याला अर्थ आहे. साध्या तापाला बिस्किटांचा पुडा. काविळीला शहाळी. हाडबीड मोडलं तर मोसंबी. सफरचंदं न्यायची ती ज्याचं नाव घ्यायचं नसतं त्या दुखण्याला. हा नियम कुणी कुणाला शिकवलेला नाही, पण तुडीलपासून उमरठपर्यंत कोणत्याही घरात पिशवीवरून दुखणं सांगतील. अण्णा तर नक्कीच. कुणाला भेटायला जायचं असलं की गावातले लोक फळं निवडायला त्यांनाच बाजारात घेऊन जात. देठाजवळ अंगठा दाबायचा, कानाशी नेऊन टिचकी मारायची, मग पिशवीत टाकायचं, अशी त्यांची पद्धत.

म्हणून ती पिशवी अण्णांना दिसू द्यायची नव्हती.

अण्णांच्या पोटात गाठ निघाली होती. महाडच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला मुंबईला पाठवला आणि रिपोर्ट वाईट आला. वेळेत काढली तर आशा आहे, उशीर करू नका, असं डॉक्टर दादाला म्हणाले. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो महाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. मुंबईच्या एका रुग्णालयात पितृपंधरवड्याच्या अखेरीची तारीख मिळाली. दादाने घरी येऊन अण्णांना सांगितलं, "अल्सर आहे. छोटंसं ऑपरेशन आहे." अण्णांनी मान डोलावली.

खोटं बोलायला कारण होतं. अण्णांचे थोरले भाऊ, आप्पा, याच दुखण्याने मुंबईला गेले होते आणि तिथेच वारले. घरचं छप्पर त्यांना पुन्हा दिसलं नाही. त्यानंतर अण्णांनी घरात सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "माझं तसलं काय निघालं तर मला हलवायचं नाय. हितंच पडू दे." अण्णा एकदा नाही म्हणाले की त्यात बदल होत नाही. त्यांना कळलं तर ते गाडीत बसणार नव्हते. बसले नाहीत तर पुढे काय, हे डॉक्टरांनी दादाला सांगितलं होतं आणि दादाने आम्हाला.

रुग्णालयाने रक्ताची सोय करायला सांगितली, तेव्हा दादाने मुंबईत असलेल्या गावच्या पोरांना फोन केले. सकाळी बातमी तुडीलहून मुंबईला गेली आणि संध्याकाळच्या आत मुंबईहून तुडीलला परत आली. मग दादाने दुसऱ्यांदा सगळ्यांना फोन केले. अण्णांना काही माहीत नाही, कुणी काही बोलू नका.

लोकांनी शब्द पाळला. कुणाच्याही तोंडून एक अक्षर निघालं नाही. सगळे फक्त भेटायला आले, आणि आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत.

पिशव्या मागच्या दाराने येऊ लागल्या. आई त्या पदराखाली घेई. भाद्रपदात कणगीतला भात तळाला गेलेला असतो, नवा यायला वेळ असतो. त्या अर्ध्या रिकाम्या कणगीत सफरचंदं गेली. वर सूप, सुपावर गोणपाट. पण कणगी माजघरात होती आणि अण्णा माजघरात झोपत. जुन्या भाताच्या वासात दोन दिवसांत दुसरा वास मिसळला. आईने त्या कोपऱ्यात उदबत्ती लावायला सुरुवात केली. पितृपंधरवडा असल्याने कुणी कारण विचारलं नाही.

फळं संपवायची होती, आणि ती संपवायची कशी, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. कुणाला देता येत नव्हती. तुडीलमध्ये सफरचंदांची पिशवी घेऊन कुणाच्याही घरात शिरलं असतं, तर अर्ध्या तासात त्या घरात कोण आजारी आहे याची चौकशी सुरू झाली असती. सावित्री नदीत टाकता येत नव्हती. सफरचंद तरंगतं, आणि खालच्या वळणावर कपडे धुणाऱ्या बायका असतात. पुरली तर कुत्री उकरतात. उरलं एकच, घरात शिजवणं. तेही अशा प्रकारे की ताटात सफरचंद म्हणून काही दिसता कामा नये.

आईने आयुष्यात सफरचंद शिजवलं नव्हतं. तिने ते दुसरं काहीतरी आहे असं मानलं आणि कामाला लागली. किसून गूळ घातला की ते लाल भोपळ्यासारखं वागतं, म्हणून पहिल्यांदा घारगे झाले. मग काकडी समजून तांदळाच्या रव्यात धोंडस केलं. कडव्या वालाच्या बिरड्यात ती गुळाचा खडा टाकते, त्याऐवजी दोन फोडी विरघळू दिल्या. आंबट निघालेल्यांचं कैरीसारखं लोणचं घातलं. आमटीत, घावनाबरोबरच्या खोबऱ्यात, दह्यातल्या कोशिंबिरीत, सगळीकडे ते गेलं. साखरांब्याच्या बरण्या भरल्या आणि फडताळात मागे सरकवल्या. मी त्या पंधरवड्यात घरी होते. माझ्याकडे सालं काढायचं काम होतं. चुलीमागे पाठ करून बसायचं, सालं मांडीवरच्या फडक्यात गोळा करायची, आणि पडवीतून खोकल्याचा आवाज जवळ येऊ लागला की फडकं गुंडाळायचं. पाट्यावर किसाचा तपकिरी डाग राहू लागला. आई तो चिंचेने घासून काढी.

घारग्यांच्या दिवशी अण्णा जेवायला बसले, एक खाल्ला, दुसरा मागितला.

"भोपळा गोड निघालाय गो औंदा."

"हां," आई म्हणाली.

"कुठला ह्यो?"

"बाजारचा."

"मांडवावर आपला येवढा मोठा झालाय, नि तू बाजारचा आणतेस?"

आईने तव्यावरचा घारगा उलटला. "तो राहू दे दसऱ्याला," ती म्हणाली. अण्णांनी मांडवाच्या दिशेला पाहिलं आणि दुसरा घारगा संपवला. त्यांची भूक तेव्हा कमी झाली होती. गोड मात्र जात होतं.

सालं गाईला घातली जात होती. एका सकाळी अण्णा गोठ्यातून येऊन पडवीत बसले. त्यानंतर मी गोठ्यात गेले तर गाईच्या नाकपुडीजवळ एक छोटा, गोल, चकचकीत कागद चिकटला होता. सफरचंदावर असतो तो. गाय जीभ फिरवून तो काढायचा प्रयत्न करत होती. अण्णांनी तो पाहिला की नाही, हे आम्हाला ठरवता आलं नाही. आई दिवसभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते तिच्याकडे बघत नव्हते, पण तसे ते एरवीही बघत नाहीत. त्या दिवसापासून सालं केळीच्या बुंध्याशी खोल पुरली आणि वर दगड ठेवला.

भेटायला येणारी माणसं हा वेगळाच ताण होता. पडवीत बसून ती पावसाबद्दल बोलत, रानडुकरांबद्दल बोलत, महामार्गाच्या खड्ड्यांबद्दल बोलत. आवाज खाली असे. जो तो जाताना अण्णांच्या खांद्यावर हात ठेवी. मळ्यातल्या एका म्हाताऱ्याने तर उठताना हात जोडले.

"मला काय झालंय रे, हात जोडतोस तो?" अण्णा म्हणाले.

"काय नाय. अल्सर," म्हातारा म्हणाला. "अल्सर, अल्सर."

त्या पंधरवड्यात हा शब्द तुडीलमधल्या लहान पोरांनाही पाठ झाला होता.

मधे आंबेनळीत दरड आली आणि घाट बंद झाला. वरून येणारी फळं थांबली, पोलादपुरातल्या हातगाड्या रिकाम्या झाल्याचं कळलं. "तिकडचं पावणं तरी आता काय आणायचं नाय," आई म्हणाली. रस्ता बंद असल्याचं समाधान मी घरात पहिल्यांदा पाहिलं. ते टिकलं नाही. महाडला माल महामार्गाने येतच होता.

आप्पांची तिथी आली. पान अण्णांनीच वाढलं आणि परसात नेऊन ठेवलं. त्यात भात, वडे, खीर आणि आईने केलेला घारगा. आम्ही लांब उभे राहिलो. कावळा पेरूच्या फांदीवरून उतरला, भाताला शिवला नाही, घारगा उचलून गेला.

"आप्पाला भोपळा कधी आवडला नाय," अण्णा म्हणाले. "तरी पयला त्योच नेलान."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. आई रिकामं तांब्याचं भांडं दोन्ही हातांनी धरून उभी होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी उमरठहून आत्या आली. आत्या अण्णांची थोरली बहीण. घाट बंद, गाड्या उशिरा, त्यात पोलादपूरला बदलून महाडला आली, महाडहून तुडीलला. तिलाही फोन गेला होता. काही बोलायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ती बोलली नाही. पण ती थोरली बहीण होती. ती मागच्या दाराने आली नाही. पायऱ्या चढून सरळ पडवीत आली, अण्णांच्या समोर बसली आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

आई दारात होती, हातात पळी. दादा उद्याच्या गाडीवाल्याशी फोनवर बोलत होता; त्याने बोलणं अर्ध्यावर सोडलं. गोठ्यात गाईने साखळी हलवली.

अण्णांनी पिशवीत हात घालून एक सफरचंद काढलं. देठाजवळ अंगठा दाबला. फळ कानाशी नेलं, टिचकी मारली. मग त्यावरचा गोल कागद नखाने सोडवून खांबाला चिकटवला.

"आक्का, ही मऊ हायत," ते म्हणाले.

"पोलादपुरात नव्हती रे. म्हाडच्या स्टँडवर घेतली, घाईत."

"घाईत घेतलीस ती कळतंय. मऊ चालत नायत हिला. घारगं तुटतात."

आई दारातच खाली बसली. पळी तिच्या हातात तशीच होती आणि तिच्यातून आमटी उंबऱ्यावर सांडत होती.

आत्याने आईकडे पाहिलं, मग दादाकडे, मग पुन्हा भावाकडे. "म्हंजे येवढे दिस तुला..." ती म्हणाली.

"कणगीजवळ निजतो मी," अण्णा म्हणाले. "नाक हाय मला."

दादा फोन खिशात ठेवून पुढे आला. त्याने विचारायचं ते विचारलं. "अण्णा, उद्या सकाळी गाडी सांगितलीय. तुम्ही येणार की नाही?"

अण्णांनी सफरचंद पिशवीत ठेवलं, पिशवी आत्याच्या शेजारी ठेवली, आणि उठून बांधाकडे गेले. आईने दादाला मागे जाऊ दिलं नाही. पडवीतून ते दिसत होते. निसवलेल्या भातात ते वाकून एकेक लोंबी हातात घेत होते, सोडत होते. दाणा भरला आहे का, हे असं बघतात. पाऊस भुरभुरू लागला तरी ते परतले नाहीत. आत्या जपमाळ काढून बसली आणि मणी ओढायचं विसरली. मी पिशवीतली सफरचंदं चिरायला घेतली, कारण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. आता सालं लपवायची नव्हती तरी मी चुलीमागे पाठ करूनच बसले होते.

अण्णा ओले होऊन आले. टॉवेल मागितला. डोकं पुसता पुसता दादाला म्हणाले, "कापणीला मला हितं आणायचं."

"आणतो."

"कसा बी असलो तरी."

दादाने डॉक्टरांना हे विचारलेलं नव्हतं. विचारायला वेळही नव्हता. "आणतो," तो पुन्हा म्हणाला.

"मग ठीक हाय."

त्या संध्याकाळी आईने पहिल्यांदा सफरचंद सफरचंदासारखं वाढलं. ताटलीत, फोडी करून, सालासकट. अण्णांनी दोन फोडी खाल्ल्या आणि ताटली सरकवली. "शिजवल्यालं बरं लागतं," ते म्हणाले.

सकाळी गाडी आली तेव्हा ते धुतलेला सदरा घालून पायरीवर बसले होते. कणगीत अजून बरीच फळं उरली होती. ती कुणाला तरी देऊन टाक, सदूला दे, असं त्यांनी आईला सांगितलं. मग गाडीत बसता बसता मागे वळले. "नको. सदूला नको. त्याच्या घरची घाबरतील." त्यावर आई हसली. पंधरवड्यात ती हसलेली मला आठवते ती एवढीच.

ऑपरेशन झालं. गाठ काढली. पहिले काही दिवस कठीण गेले, आणि त्या दिवसांत दादा घरी फोनवर फक्त "अजून काही नाही" एवढंच बोलत होता. दसरा झाला, मांडवावरचा भोपळा तसाच राहिला. अण्णांना आणलं तेव्हा आमच्या दोन खाचरांची कापणी उरकली होती, तिसरं शिल्लक होतं. ते बांधावर खुर्ची टाकून बसले आणि पेंढ्या बांधणाऱ्यांना नावं ठेवत राहिले. तपासणीसाठी ते अजून मुंबईला जातात. मागच्या वेळी डॉक्टरांनी पुढची तारीख लांबची दिली.

त्यांना नेमकं कधी कळलं, हे मी एकदाच विचारलं. बिरड्याच्या वेळी, घारग्यांच्या वेळी, की गाईच्या नाकावरचा कागद पाहून?

"पयल्याच दिशी," ते म्हणाले. "सदू काकड्या आणतो तवा बांधापास्नं वरडत येतो. त्या दिशी गप आला."

मग गाडीत का बसलात, हेही विचारलं. त्याचं उत्तर त्यांनी दिलेलं नाही.

यंदा गौरी गेल्या त्या दिवसापासून सदूकाका अंथरुणावर आहेत. तुकडा तपासायला मुंबईला गेला आहे. रिपोर्ट यायचा आहे. त्यांच्या मागच्या दाराने पिशव्या जाताना आईने पाहिल्या आहेत, आणि त्यांची सून परवा आईला, सहज विचारल्यासारखं, घारग्यांत गूळ किती घालतात ते विचारून गेली.

काल सकाळी अण्णा सदूकाकांकडे गेले. त्यांच्या हातात परसातल्या दोन काकड्या होत्या. ते बांधापासून ओरडत गेले.